आंजनखोऱ्याचा विस्तव

"मग लावला कोणी तो वणवा? नाव सांगा, बाबा."

हिरामण पाथरवट उभ्यानेच विचारत होता. हातातली छन्नीसुद्धा त्याने खाली ठेवली नव्हती.

मदारशा फकीर तकियाच्या, म्हणजे आपल्या मठीच्या, ओट्यावर तुटकी चप्पल शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बस की."

"बसायला नाही आलो."

"ते दिसतंच आहे..."

खरं सांगायचं तर हिरामणचंही काही चुकत नव्हतं. आंजनखोऱ्यात मोठा वणवा पेटला तेव्हा तो अंगावर पिणारं पोर होता. मोहफुलांचे दिवस. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायचा, ही तिथली जुनी खोड. सगळेच जाळायचे. त्या दुपारी एका झाडाखालची आग वाऱ्याने उचलली आणि बघता बघता गावं घेतली. जे ओल्या गोधड्या डोक्यावर घेऊन नदीच्या डोहात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले, ते वाचले. हिरामणच्या आईने पोर नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हाताऱ्या सासूला आणायला ती मागे फिरली.

ती काही आली नाही.

पुढे बाप त्याला घेऊन शहरात गेला. वणव्याचं नाव त्याने मरेपर्यंत काढलं नाही.

आता खोऱ्यातल्या लोकांनी मेलेल्यांच्या आठवणीचा दगड उभा करायचं ठरवलं, आणि काम नेमकं हिरामणकडे आलं. राहायला तो तकियावर. फकिराला गुरू म्हणायचा, ऐकायचा मात्र स्वतःचंच.

सगळी नावं कोरून झाली होती. आईचंही. खाली वीतभर जागा त्याने मुद्दाम सोडली होती.

"तिथे त्याचं नाव घालणार," तो म्हणाला. "येता-जाता लोक थुंकले पाहिजेत."

"गावात विचारलंस?"

"विचारलं ना! वाचलेले सगळे म्हातारे एका माळेचे मणी. म्हणतात, 'फकीरबाबाले इचार.'"

"लबाड आहेत..."

"थट्टा नको, बाबा. माझी आई गेली."

फकिराची सुई थांबली.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर दगड आहे तसा टाकून जाईन. तुमचं तोंड पाहणार नाही."

"सांगतो," फकीर म्हणाला. "पण आज वणव्याचा दिवस. सकाळपासून खोऱ्यात एकही चूल पेटलेली नाही. आधी विस्तव घेऊन ये. चहा होऊ दे, मग सांगतो."

"काडेपेटी आहे माझ्याकडे."

"आज काडी ओढायची नसते. इथली रीत आहे. आज सगळ्यांचा विस्तव एकाच घरून येतो. डोहाजवळ पुनाबाई राहते, तिच्याकडून. ती छन्नी ठेव आणि खापर घे."

हिरामण पुटपुटतच निघाला.

पुनाबाईच्या दारात गर्दी होती. म्हातारे, सुना, गडी... ज्याच्या-त्याच्या हातात खापर. चुलीपाशी एक वाळकी म्हातारी बसलेली. प्रत्येकाच्या खापरात राख घालायची, त्यावर निखारे ठेवायची, वरून पुन्हा राख दाबायची. घाई नाही, बोलणं नाही.

हिरामणची पाळी आली.

"कोठचा बाप्पा तू?"

"तकियावरचा."

म्हातारी उठली. पाण्याची कळशी कमरेवर घेतली. "रस्ता रानातला हाय. चाल, मी बी संगं हाय."

"अहो आजी, एवढेसे निखारे! मी काय लहान आहे?"

"एवढेसेच पुरते, बाप्पा."

वाटभर मोहाची झाडं. हिरामण पुढे, म्हातारी मागे. वारा आला की ती त्याला थांबवायची. वारा पडला की म्हणायची, "हं, चाल." हिरामणला वैताग आला. एका वळणावर वाळकं पान गळलं ते नेमकं खापरात, आणि धूर निघाला. तो कळशीकडे वळेपर्यंत म्हातारीने ते पान चिमटीत धरून चुरडून टाकलं होतं.

"अहो, हात भाजला ना!"

"पान इझलं ना?"

तकियाच्या पायरीशी ती थांबली. वर आली नाही. उरलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि आल्या वाटेने, खाली पाहत, परत गेली.

फकीर चुलीपाशी बसला होता.

"आणलास? वाटेत ठिणगी पडली कुठे?"

"पडते कशाची! ती बया कळशी घेऊन पाठीमागे. जळतं पान बोटांनी विझवलं तिने. विस्तवाला एवढं भिणारं माणूस मी जन्मात..."

तो थांबला. वाटेकडे वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

"बाबा... तीच?"

फकिराने मान हलवली.

"आणि तुम्ही मला तिच्याच दारात पाठवलंत! तिच्या हातचा विस्तव आणायला!"

"वणव्यानंतर तिने चूल पेटवली नाही," फकीर शांतपणे म्हणाला. "कच्चं खायची. कुणी दिलं तर घ्यायची नाही. मरायलाच टेकली होती. मग एक दिवस डोहातून वाचलेले सगळे खापरं घेऊन तिच्या दारात जाऊन बसले. म्हणाले, तू पेटव, मग आम्ही पेटवू. नाही तर आमच्याही चुली थंड."

"सगळे?"

"पहिलं खापर तुझ्या बापाने पुढे केलं. तू त्याच्या कडेवर होतास. भुकेने रडत होतास."

हिरामण मटकन खाली बसला. त्याला रडू फुटलं. आईसाठी की बापासाठी, त्याचं त्यालाच कळेना. खापर मात्र त्याने दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं.

फकिराने त्याला रडू दिलं...

मग ओट्यावरची छन्नी उचलून त्याच्यापुढे ठेवली. कोपऱ्यातली फुंकणी आणून तिच्या शेजारी ठेवली.

"नाव मिळालं, विस्तवही मिळाला. निखारा काही तुझी वाट बघत बसणार नाही, पोरा. छन्नी घेतोस, का फुंकणी?"