मांजर उताणं पीत नाही

एका गावात एक सुईण होती, बायजाक्का नावाची. अर्धा गाव तिच्या हातावर जन्मलेला. ‘नाळ तुझी मी कापली, मला शिकवू नकोस’ असं ती सरपंचालाही चारचौघांत सुनवायची आणि सरपंच मान खाली घालून ऐकून घ्यायचा. घरात ती आणि तिची धाकटी जाऊ ठकूबाई, अशा दोघीच. दोघींचे नवरे कधीच गेलेले. ठकूबाईनं चाळीस वर्षं शेळ्या राखल्या होत्या. ती कमी बोलायची. तिच्या वाटणीचंही बायजाक्काच बोलायची.

एके सकाळी पिठाच्या गिरणीचा मालक पिराजी टोपी उलटी धरून आला. टोपीत मांजरीचं पिल्लू होतं, डोळेही न उघडलेलं. गिरणीतली मांजर साप चावून मेली आणि तिच्या चार पिल्लांतलं हे एकच उरलं.

“आक्का, दात येईपर्यंत सांभाळा. मग मी घेऊन जातो,” पिराजी म्हणाला. “मांजर गेली आणि उंदरांना गिरणी म्हणजे माहेर झालंय.”

“माणसांची वाढवली, याचं काय मोठं,” बायजाक्का म्हणाली.

तिनं औषधाची एक चिमुकली बाटली उकळून घेतली. बाटलीच्या तोंडाला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसवली. ठकूबाईनं शेळीचं कोमट दूध दिलं. मग बायजाक्का भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली. तान्ह्या बाळाला बोंडल्यानं दूध पाजायला बायका बसतात, अगदी तशी. तिनं पिल्लू दोन्ही पायांच्या मधल्या खोबणीत उताणं निजवलं आणि नळी तोंडात दिली.

ठकूबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती, ती थांबली.

“आक्का, पालथं धरून पाजा त्याला.”

“का?”

“जनावर उताणं पीत नाही.”

“तू तुझी शेरडं राख,” बायजाक्का म्हणाली. “दोनशे पोरं पाजलीत मी या पायांवर. एकाला तरी ठसका लागला का, विचार गावात.”

“ती माणसांची होती, आक्का.”

“बरं झालं सांगितलंस. मला वाटलं बोकडांची होती.”

तब्येत दाखवायला आलेल्या दोन गर्भारशी अंगणात बसल्या होत्या, त्या हसल्या. ठकूबाई पाटी घेऊन निघून गेली.

तिसऱ्या दिवशी पिल्लाच्या नाकातून दूध येऊ लागलं. चौथ्या दिवशी छाती घरघरायला लागली. बायजाक्काला जे जे येत होतं ते तिनं केलं, आणि जीव ओतून केलं, हे सांगायलाच हवं. वेखंड उगाळून छातीला लावलं. ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. पिल्लाला पदरात घेऊन बसली ती जेवायचंही विसरली. पण दर दोन तासांनी पुन्हा पाय लांब करायची, पुन्हा उताणं निजवायची आणि पुन्हा पाजायची. एका हातानं औषध देत होती आणि दुसऱ्या हातानं दुखणं.

“तुझ्या शेळीचं दूधच बाधलं,” ती ठकूबाईला म्हणाली.

“असेल. उद्यापासून गाईचं आणा. पण पाजा पालथं.”

“तुझं आपलं एकच पालुपद.”

“दुखणं एकच आहे म्हणून.”

पाचव्या दिवशी पिराजी बघायला आला. पिल्लू इतकं हलकं झालं होतं की ते पदरात आहे की नाही, हे चाचपून बघावं लागे. पिराजी उंबऱ्यावरच बसला.

“राहू द्या, आक्का,” तो म्हणाला. “तुम्हाला जमलं नाही, तिथं कुणाला जमणार? याचं आयुष्यच तेवढं.”

हे ऐकून बायजाक्काला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. सगळं नशिबावर ढकललं की सुईण मोकळी. पिल्लू मेलं असतं तर गावात कुणी चकार शब्द काढला नसता. बायजाक्काचा मान जागच्या जागी राहिला असता. पिल्लू तेवढं गेलं असतं.

तिनं पदर बाजूला केला. पिल्लानं तिचं बोट शोधलं आणि ते चोखू लागलं. श्वास पुरत नव्हता, मधेच थांबत होतं, पण बोट सोडत नव्हतं. बायजाक्का त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला संगती लागत गेली. पाजलं की घरघर वाढते, हे तिला कालच दिसलं होतं. दिसलं होतं, पण बघायचं नव्हतं.

“ठके,” तिनं हाक मारली. “इकडे ये. कसं धरायचं ते दाखव मला.”

तब्येत दाखवायला आलेल्या बायकांनी अंगणातून माना वळवल्या. बायजाक्कानं कुणाला ‘दाखव’ म्हटल्याचं त्या गावानं आजवर ऐकलं नव्हतं.

“शेरडं कोण राखील मग?” ठकूबाई म्हणाली.

“टोच, टोच. आज तुझा दिवस आहे. पण आधी याला बघ.”

ठकूबाईनं हात धुतले आणि पिल्लाचे पंजे चाचपले. “गार आहेत. गार अंगात दूध पचत नाही. आधी ऊब.” तिनं पिल्लू पोटाशी धरून पदरात गुंडाळलं. पंजे कोमट झाल्यावर पोत्याची घडी मांडली, त्यावर पिल्लू पालथं ठेवलं आणि एका बोटानं हनुवटी जराशी उचलली. “आईच्या पोटाला लागून पितात, तसं. मान एवढीच वर. उताणं धरलं की दूध वाट चुकतं, पोटाऐवजी छातीत जातं.” एकेक थेंब, मधे थांबून. मग कोमट ओल्या फडक्यानं शेपटीखाली पुसलं. “आई चाटते तेव्हा कुठे यांना शी-शू होते. आपल्याला चाटायचं नसेल, तर फडकं घ्यावं.”

बायजाक्का हसली नाही. तिनं बाटली हातात घेतली आणि तीनदा विचारून शिकून घेतलं.

दोन दिवस पिल्लू इकडचं ना तिकडचं होतं. दोघी पाळीपाळीनं ऊब देत होत्या. तिसऱ्या दिवशी घरघर कमी झाली. मग डोळे उघडले. मग त्यानं बायजाक्काच्या हाताला पहिला ओरखडा काढला, आणि तो ती आल्यागेल्याला दाखवत सुटली.

दात आल्यावर पिराजी न्यायला आला.

“आक्का, तुमचा हात लागला म्हणून जगलं हो,” तो म्हणाला.

ठकूबाई शेळ्या बांधत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

“माझा हात लागला म्हणून मरत होतं,” बायजाक्का म्हणाली. “ठकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिची चेष्टा केली, वर तिच्या शेळीला बोल लावला. आणि ऐक, हे गिरणीत सांग. दळण घेऊन येईल त्याला सांग. माझी लाज राखायला अर्धं गाळू नकोस.”

पिराजीनं सांगितलं. गिरणीतली गोष्ट बारीक दळूनच घरोघर जाते. आठ दिवस गाव बायजाक्काला हसला आणि तिनं हसू दिलं.

नवव्या दिवशी पलीकडच्या वाडीचा एक माणूस, आई मेलेलं करडू खांद्यावर घेऊन, दारात उभा राहिला. त्या घराला आजवर सगळे बायजाक्काचं घर म्हणत.

“ठकूबाईंचं घर हेच का?” त्यानं विचारलं.

“हेच,” बायजाक्का म्हणाली. तिनं उठून घोंगडी अंथरली आणि गोठ्याकडे तोंड करून हाक दिली, “ठके, तुझ्याकडे आलेत.”

तात्पर्य: दुसऱ्याचा जीव हातात असेल तेव्हा आपला मान बाजूला ठेवावा. चूक कबूल केली तर माणूस आठ दिवस लहान दिसतं. नाही केली, तर जाणारा जीव परत येत नाही.