सर्वांत नवा पाहुणा

आफ्रिकेतल्या एका गवताळ माळावर उंबराचं मोठं झाड होतं आणि त्यावर वानरांचं एक कुटुंब नांदत होतं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. फळं झडून गेली, सगळे कंदमुळांवर दिवस काढू लागले. वानरीचं दूध आटलं, तेव्हा तिचं पिल्लूही कंदच चघळू लागलं. त्याचं पोट टरारून फुगलं. येणारेजाणारे म्हणत, "बघा, कसं खातंपितं बाळ आहे!" हातपाय मात्र काडीसारखे. बाळांनो, वानराचं पिल्लू आईच्या पोटाचे केस घट्ट धरून बसतं ना? ह्याची पकडच सुटायची. वानरी एका हातानं त्याला सांभाळी आणि पलीकडच्या झाडावर उड्या मारणाऱ्या पिल्लांकडे पाहत राही. पान सळसळलं तरी ती त्याला आणखी घट्ट धरी.

एके दिवशी कळपातून चुकलेली एक गाय झाडाखाली आली. तिचं वासरू वाटेत तहानेनं गेलं होतं. "मला चारापाणी द्या, मी दूध देईन," ती म्हणाली. सगळं घर कामाला लागलं. वानर ओढ्याकाठचं गवत आणी, आजोबा माश्या हाकलत, वानरी धार काढी. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पांढरा फेस चढे.

पण त्या घराची एक रीत होती. पहिला तुंबा सर्वांत नव्या पाहुण्याचा! कोल्ह्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार?

"वहिनी, आहात का घरात?"

"अहो भावोजी, तुम्ही कालच तर येऊन गेलात!"

"काल ओढ्याकडून आलो होतो, आज टेकडीकडून आलोय. नव्या वाटेनं आलेला पाहुणा नवाच की!"

वानरी घुटमळली, की आजोबा वरून दटावत, "वाढ गं सूनबाई. पाहुणा तसाच गेला तर आपली काय शोभा राहील?" कोल्हा तुंबा तळापर्यंत चाटून पुसून घेई. पिल्लाला मिळे ते तुंबा विसळल्याचं पाणी.

गाय हे रोज पाहत होती. एका सकाळी तिनं धार देणंच थांबवलं. वानरी दचकली. "माझं काही चुकलं का, ताई?"

"तुझ्या बाळाला का नाही देत दूध?"

"ते घरचंच आहे. घरच्यांना मागून चालतं. आणि पोट तर भरलेलं दिसतंय."

"ते भरलेलं नाही, फुगलेलं आहे," गाय म्हणाली. "तुमची रीत मोडू नकोस. मला एवढंच सांग, ह्या घरात सर्वांत शेवटी कोण जन्माला आलं? आणि न सांगता निघून जाईल असं कोण आहे?"

वानरीनं पिल्लाला छातीशी ओढलं. आजोबा वरच्या फांदीवरून उतरून पिल्लाजवळ येऊन बसले.

संध्याकाळी गायीनं पुन्हा धार दिली, तोच हाक आली, "वहिनी, पाहुणा आलाय!"

"जरा थांबा भावोजी. तुमच्याआधी एक पाहुणा बसलाय."

कोल्ह्यानं इकडेतिकडे पाहिलं. "कुठे? मला तर कुणी दिसत नाही."

"मलाही इतके दिवस दिसला नव्हता," वानरी म्हणाली, आणि तिनं तुंबा पिल्लाच्या ओठांना लावला.

एका दिवसात काही झालं नाही. पण हळूहळू पोट उतरलं, दंड भरले, केसांना चमक आली. पुढे तर ते पिल्लू दिवसभर शेंड्याकडच्या फांद्यांवर असे. हाका मारल्या तरी ओ देत नसे. वानरी गायीशेजारी बसून राही. दोघी वर पाहत. वानरीला आपले मोकळे हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. मग ती उगाचच गायीची मान खाजवत बसे.

तात्पर्य : घरात आलेल्या चांगल्या अन्नाचा पहिला घास घरातल्या सर्वांत लहान जिवाचा, बाकीच्यांचा मान त्यानंतर.