राहून गेलेलं पान

फार मागे, छापखाने नवे होते तेव्हा, एका मठात जुन्या वेदान्तग्रंथाची छापील प्रत आली. शेजारची हस्तलिखित पोथी तिला म्हणाली, "बाई गं, तुझ्यात एक पान राहून गेलंय."

"माझ्यासारख्या शंभर आहेत. सगळ्याच कशा चुकतील?" प्रत फणकारली.

रिवाजाप्रमाणे जीर्ण पोथी नदीत सोडली गेली. पुढे बाकीच्या प्रती वाळवीने खाल्ल्या. ही एकटी उरली आणि तिची पूजा होऊ लागली.

एकदा लेक गेलेली सगुणाबाई मठात आली. मठातल्या धोंडबुवांनी तिच्यासाठी ती प्रत वाचायला घेतली. ग्रंथात शिष्य गुरूंना विचारत होता, "गेलेलं माणूस कुठं जातं?" बुवांनी पान उलटलं. पुढे भलताच विषय होता.

"बुवा, गुरू काय म्हणाले?"

बुवांनी पान पुन्हा मागे-पुढे उलटून पाहिलं. फुलांनी पूजलेल्या प्रतीला पोथीचं बोलणं आठवलं. उत्तर केव्हाच पाण्यात विरघळलं होतं.