वाघिणीला बोलावणे

पूर्वी सोमवती नगरीत विशाखसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शेजारच्या वनात चितळांच्या कळपाचा नायक होता. राजाला पुण्याची भारी हौस. त्याने हरणांना अभय दिले आणि वनातले सगळे वाघ मारवले. कळप आनंदाने नाचला. बोधिसत्त्वही नाचला असेल.

पुढे कळप वाढतच गेला. गवत संपले, रोपे संपली, मग हरणे झाडांच्या साली ओरबाडू लागली. धरून ठेवायला मुळे नाहीत म्हणून पावसात माती ओढ्यात वाहून गेली. गढूळ पाण्यात मासे मेले आणि मासे खाणारे खंड्या पक्षी निघून गेले. हरिण्यांचे दूध आटले, पाडसे उभ्या उभ्या कोसळू लागली. वाघ होते तेव्हा इतकी मरत नव्हती.

नदीपलीकडच्या वनात एक वाघीण राहत होती. बोधिसत्त्व तिला बोलवायला निघाला. त्याची हरिणी आडवी आली. तिच्या मागे त्यांचे पाडस लंगडत होते.

"वैरिणीला स्वतः घरी आणता? आधी कोण जाईल ते दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं. पण ती आली नाही तर कुणीच उरणार नाही."

वाघिणीला तो म्हणाला, "आमच्या वनात चल. हवं तर आधी मला खा, पण माझ्या पाडसाला सोड."

"तुला आज खाईन, उद्या काय खाऊ? मी निवडत नाही, बाबा. जो मागे पडतो तो माझा. कबूल असेल तर वाट दाखव."

तो नदीकडे वळला. मग पुढे चालू लागला.

वाघिणीने पहिले धरले ते लंगडे पाडसच. उरलेसुरले गिधाडांनी खाल्ले, बाकीचे किड्यांनी मातीत मिळवले. राजा तोवर दुसऱ्या पुण्याच्या मागे लागला होता. भीतीने हरणे एका जागी थांबेनाशी झाली आणि रोपांना वाढायला सवड मिळाली. पावसाळ्यात पाडसाच्या हाडांपाशी सर्वांत आधी कोवळे गवत आले. कळप त्यावर तुटून पडला. हरिणीने तोंड लावले नाही, आणि मरेपर्यंत ती बोधिसत्त्वाशी बोललीही नाही.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "तो राजा म्हणजे काल विहारातले सगळे साप मारायला निघालेला हा सोणक भिक्षू. वाघीण म्हणजे आपल्याला रोज भात वाढणारी उपासिका चुंदी. चितळ मी होतो."

मग त्यांनी मागे बसलेल्या वृद्ध भिक्षुणीकडे पाहिले. "आणि हरिणी या."

भिक्षुणीने मान वर केली नाही.

"त्या जन्मी प्रज्ञा पारमिता, म्हणजे शहाणपणाचे व्रत, मी पाळली," शास्ता म्हणाले, "आणि तिची किंमत यांनी मोजली."