चिचुंद्रीचं बाळ आणि बारावी फळी

एक होती चिचुंद्री. इवलंसं नाक, इवलंसं शेपूट. एका जागी बसेल तर शपथ! सारखी आपली तुरु तुरु, तुरु तुरु.

तिला होती तीन बाळं. पहिलं धरायचं आईचं शेपूट. दुसरं धरायचं पहिल्याचं. तिसरं धरायचं दुसऱ्याचं. की निघाली गाडी गोदूकाकूच्या परसात!

गोदूकाकूला परसात हवा होता लाकडी ओटा. पाय पसरून बसायला, मटार सोलायला. काकूने पावलांनी जागा मोजली. आणि काकूचं पाऊल केवढं? एवढुस्सं! मोजून झाल्यावर काकू म्हणाली, "बारा फळ्या लागतील."

वखारीत जाऊन काकूने फळ्या निवडल्या. वाकडी नको. गाठीची नको. प्रत्येक फळी वाजवून बघितली, ठक् ठक्.

सुतारदादाने पट्टी लावून जागा मोजली. "काकू, अकरा पुरेत. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट हवी."

"छे! बारा आणल्यात, बारा लावा!"

मग काय! सुतारदादाने बाराच्या बारा फळ्या दाबून दाबून बसवल्या. ठोक ठोक ठोक! नावाला फट नाही.

परसातून जाता जाता चिचुंद्रीने मागे वळून पाहिलं. एक बाळ. दोन बाळं. तिसरं कुठंय?

ओट्याखालून आवाज आला, "चूं!"

चिचुंद्री फार फार घाबरली. तिला बसवेना, तिला उभं राहवेना. तुरु तुरु, तुरु तुरु, गेली सुतारदादाकडे.

"सुतारदादा, सुतारदादा, एक फळी काढ. बाळ माझं बाहेर येईना!"

सुतारदादा म्हणाला, "काकू हो म्हणाल्या, तर काढेन. मी नाही काढत जा!"

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री गेली गोदूकाकूकडे.

"गोदूकाकू, गोदूकाकू, हो म्हण. सुतार फळी काढेना, बाळ माझं बाहेर येईना!"

काकू म्हणाली, "आणि काढलेली फळी ठेवू कुठे? डोक्यावर? वखारशेठने परत घेतली, तर हो म्हणेन. मी नाही म्हणत जा!"

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री गेली वखारशेठकडे.

"वखारशेठ, वखारशेठ, फळी परत घे. काकू हो म्हणेना, सुतार फळी काढेना, बाळ माझं बाहेर येईना!"

शेठ म्हणाला, "इथवर आणणार कोण? टेम्पोदादाने आणली, तर घेईन. मी नाही घेत जा!"

तुरु तुरु, तुरु तुरु. थांबायला वेळ कुणाला! चिचुंद्री गेली टेम्पोदादाकडे.

"टेम्पोदादा, टेम्पोदादा, टेम्पो हलव. शेठ फळी घेईना, काकू हो म्हणेना, सुतार फळी काढेना, बाळ माझं बाहेर येईना!"

टेम्पोदादा म्हणाला, "माझ्या सीटवर झोपलाय बोका. हात लावला की ओरबाडतो मेला! तो उठला, तर हलवेन. मी नाही हलवत जा!"

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री चढली टेम्पोत.

"बोकोबा, बोकोबा, सीटवरून ऊठ. टेम्पो जागचा हलेना, शेठ फळी घेईना, काकू हो म्हणेना, सुतार फळी काढेना, बाळ माझं बाहेर येईना!"

बोक्याने एक डोळा उघडला. "काय छान ऊन आहे! ऊन गेलं, तर उठेन. मी नाही उठत जा!"

आता मात्र चिचुंद्रीला आला राग. ऊन जाईपर्यंत थांबायचं? बाळ तिकडे एकटं! ती गेली तरातरा बोक्याच्या नाकापाशी. अगदी नाकाला नाक लावलं.

बोक्याने घेतला मोठ्ठा श्वास.

"शीऽऽऽ! काय हा वास!"

बोका उडाला. धप्प! खिडकीतून बाहेर!

बोका उठला, टेम्पो हलला. घर्र घर्र घर्र!

टेम्पो हलला, शेठ म्हणाला, "आणा, आणा, घेतो फळी!"

शेठ घेतो म्हणाला, काकू म्हणाली, "हो बाई, हो! काढा!"

काकू हो म्हणाली, सुतारदादाने फळी काढली. कर्रर्र! टप्प!

अंधारातून आलं एक इवलंसं नाक. फूं फूं, फूं फूं. मग आलं बाळ! अंगभर भुसा लागलेला.

बाळ पळत पळत आईला बिलगलं. नाक खुपसून म्हणालं, "आई, तुझ्या अंगाला किती छान वास येतो गं!"

चिचुंद्री पहिल्यांदाच एका जागी बसली. बाळाला चाटत चाटत.

फळी गेली वखारीला, बाळ आलं आईला, आणि गोष्ट आली तुमच्या उशाला!