काउंटरवरचा ओरखडा

मिरजेत स्टीलचं फॅब्रिकेशन करणाऱ्या यास्मिन शिकलगारच्या दुकानात खानावळवाले मगदूम अण्णा आपला काउंटर न्यायला आले, ते चार माणसं सोबत घेऊनच. चारचौघांत खोट काढायची आणि तयार माल कारागिराच्याच गळ्यात मारायचा, ही अण्णांची खोड यास्मिनला ठाऊक होती. मापाचं काम ते. अण्णांच्या खानावळीतल्या कोपऱ्याखेरीज दुसरीकडे बसायचं नाही; त्यांनी नाकारलं, की गेलं भंगारात.

अण्णांनी प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. वेल्डिंग गुळगुळीत होतं. वाकून खालूनही पाहिलं. मग वरच्या पत्र्यावर एक ओरखडा दिसला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“बघा रे! याला काम म्हणतात? ठेव तुझ्याकडेच!”

“एवढाच दोष ना, अण्णा? नीट बघा, मागाहून दुसरा सांगाल.”

“एवढाच. पण एवढा पुरे!”

यास्मिननं पत्र्याच्या कडेला नख घातलं आणि वर चिकटवलेली पारदर्शक फिल्म सर्रकन ओढून काढली. तिच्याबरोबर ओरखडाही गेला. खाली पत्रा आरशासारखा लख्ख.

फिल्मची गुंडाळी तिनं अण्णांच्या हातात दिली.

“दोष काढल्याशिवाय तुम्हाला करमत नाही, म्हणून एक मीच करून ठेवला होता. तेवढा तुम्ही घेऊन जा, काउंटर टेम्पोनं पाठवते.”