मिराशे सरांची एक ओळ

डॉ. मिराशे कॉलेजात पत्रलेखन शिकवत, पण जीव सगळा स्वतःच्या पदव्यांत. ऋजुता डोईफोडेला परदेशी एम.ए.च्या अर्जासाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं. तिची ईमेल त्यांनी तीनदा परत पाठवली. कधी 'आदरणीय' नाही म्हणून, कधी 'विभागप्रमुख' राहिलं म्हणून. मुदत संपायला एकच दिवस उरला, तशी ती स्टाफरूममध्ये गेली.

सगळ्यांदेखत सर गरजले, "शिफारस हवी? एकच ओळ लिहीन. या मुलीला साधी ईमेल लिहिता येत नाही!"

"चालेल, सर," ऋजुता म्हणाली. "फक्त खाली एवढं जोडा, की हिला तीन वर्षं पत्रलेखन मीच शिकवलं."

स्टाफरूममध्ये हशा पिकला. सरांचा चेहरा पडला. संध्याकाळच्या आत शिफारसपत्र गेलं. चांगलं दोन पानी होतं आणि त्यातलं दीड पान तिच्या पत्रलेखनाच्या कौतुकाचं होतं.